ताईनं शिवलेली कादंबरी

आधीच सांगते, मी काही वाईट बाई नाही. माझ्या हातून जे झालं ते कुणाच्याही हातून झालं असतं, असं मी सहा वर्षं स्वतःला सांगत आले. आता सांगून सांगून त्या वाक्याचा पार चोथा झालाय. म्हणून ताईबद्दल एकदाचं सगळं, पहिल्यापासून, सांगून टाकते.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात ती फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची. वर वाचनालय चांगलं ऐसपैस, उंच खिडक्या, गुळगुळीत जिना. खाली हिची खोली. तिला खिडकी एकच, तीही छताला टेकलेली, आणि तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसायचे. ताई बुटांवरून माणसं ओळखायची. मी जिना उतरून आत पाय टाकते न टाकते तोच म्हणायची, "टाचा झिजल्यात तुझ्या, मोच्याकडे जा." खोलीत एक लांबलचक टेबल, पुठ्ठे कापायची मशीन, पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र, दोऱ्याची रिळं आणि खळीचा डबा. त्या खळीचा वास तिच्या केसांतून कधी गेलाच नाही. तीसहून जास्त वर्षं त्या खोलीत काढली बाईनं.

बरं, तिथून सुटून जायची कुठे, तर घरी. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि पलंगावर आई. आई न्हाणीघरात घसरून पडली, खुबा मोडला आणि तेव्हापासून अंथरुणाला खिळली. तिच्या उशाशी एक स्टीलचा पेला आणि चमचा असायचा. पाणी हवं, वाजव चमचा. उशी सरकली, वाजव चमचा. काही नको असलं तरी वाजव, ताई घरात आहे ना याची खात्री करायला. दुपारी शेजारच्या काकू एकदा डोकावून जायच्या, पण संध्याकाळी सहाला ताई दारात हवी म्हणजे हवीच. सव्वासहा झाले की आई त्या रात्री जेवायची नाही. रागावून नाही हो. घाबरून. तिला खरंच घास उतरायचा नाही. माणूस दुष्ट असलं तर त्याच्याशी भांडता तरी येतं. आई तर विनोदी होती, गोड होती, आणि एकटं राहायला लहान पोरासारखी भ्यायची. अशा माणसाशी काय भांडणार, कपाळ?

ताई चोवीस वर्षांची होईपर्यंत व्हायोलिन शिकली. तिच्या बाई म्हणायच्या, ही पोरगी वाजवते तेव्हा माझी दाढदुखी थांबते. मग बाबा गेले, मी शाळेत होते, कुणीतरी कमवायला हवं होतं. ताईनं नोकरी धरली आणि व्हायोलिन जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर गेलं. कधीतरी आईच म्हणायची, "अगं, वाजव की जरा." ताई स्टूल लावून ते खाली काढायची, तारा जुळवायला बसायची, दोन तारा जुळतायत तोवर टण टण टण.

"आई, तूच म्हणालीस ना वाजव म्हणून?"

"हो गं बाई, वाजव. पण आधी जरा पाय चेपून दे."

पाय चेपून होईस्तोवर आईला झोप लागायची, आणि झोपलेल्या आईसमोर वाजवायचं कसं? असं चार-पाच वेळा झालं. मग ताईनं ते काढायचंच सोडून दिलं.

आणि मी? मी रविवारी यायचे. पिशवीभर फळं घेऊन, चार ते सहा. आईला हसवायचे, ताईला म्हणायचे "कसं करतेस गं तू सगळं!", आणि सहाला दोन मिनिटं असताना चपला घालायचे. जिना उतरताना मला इतकं हलकं वाटायचं की लाज वाटायची. पण वाटायचं खरं.

तर एके दिवशी तळघरात ती कादंबरी आली. तिचं नाव मी सांगणार नाही, उगाच लोक शोधत बसतील. पाठीचा कणा मोडलेली, पुढची चार-पाच पानं गायब, शिलाई सुटून आठ तुकडे झालेले, आणि तेही एका पिशवीत कोंबून. आता हे समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. पुस्तक म्हणजे एक सलग गठ्ठा नसतो. मोठे कागद घडी घालून त्यांचे छोटे जुडगे करतात, त्याला फर्मा म्हणतात, आणि असे फर्मे एकामागे एक ठेवून दोऱ्यानं शिवतात. कुठला फर्मा कुठे जायचा ते पानांच्या आकड्यांवरून कळतं. नाहीतर फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक खूण छापलेली असते, तिच्यावरून. इथे खुणा आधीच्या कुणा बहाद्दरानं कडा कापताना उडवून टाकलेल्या. अनुक्रमणिका गायब. आणि पानांचे आकडे? लेखकानं प्रत्येक भागाला नव्यानं एकपासून आकडे दिलेले! कारण त्या कादंबरीचा प्रत्येक भाग वेगळ्याच जातीचा होता. एक भाग नुसती पत्रं. एक पोलिसांनी घेतलेले जबाब. एक चक्क भुताची गोष्ट, तीही वाद्यानं स्वतः सांगितलेली. एक तालमीचं विनोदी नाटुकलं, एक शिकवणीची वही, एक आजाऱ्याच्या उशाशी लिहिलेली डायरी. गोष्ट एकच, एका व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईची, जी ऐन मैफिलीच्या मध्यंतरात नाहीशी होते.

ताईनं काय केलं, तर वाचून क्रम लावला. तिच्या मनाला जो बरोबर वाटला तो. शिवलं, सरस लावला, यंत्रात दाबून ठेवलं. दुसऱ्या दिवशी उघडलं आणि परत पहिल्यापासून वाचलं. जेवणाच्या सुट्टीत, उभ्या-उभ्या, खळीच्या हातांनी. सव्वीस वर्षांत तिनं हजारो पुस्तकं शिवली, वाचली मोजकीच. ती म्हणायची, हलवायानं मिठाई खाऊ नये. हे मात्र तिनं तीनदा वाचलं.

त्याच महिन्यात तिला एक पत्र आलेलं होतं. तिच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण, आगगाडीनं आठ तासांवर समुद्रकाठच्या गावात संगीतशाळा चालवायची. तिला माणूस हवं होतं. जुन्या स्वरलिपीच्या वह्या दुरुस्त करायला, लहान मुलांना पहिले धडे द्यायला, आणि शाळेच्या छोट्या वाद्यवृंदात शेवटच्या रांगेत बसायला. महिनाअखेरपर्यंत कळव, असं होतं. ताईनं ते पत्र खळीच्या डब्याखाली ठेवून दिलं होतं. कादंबरी वाचल्यावर ते तिनं बाहेर काढलं.

रविवारी आई डुलकी घेत होती तेव्हा स्वयंपाकघरात तिनं मला विचारलं. ताई आयुष्यात कधी काही मागत नाही, त्यामुळे मागायचं कसं हेही तिला येत नव्हतं. सिंककडे तोंड करून म्हणाली, "आईला वर्षभर तुझ्याकडे ठेवशील? नाही जमलं तर मी परत येईन."

आमचं घर अडीच खोल्यांचं, पोरीची परीक्षा, आमचे हे घरात शिरले की टीव्हीचा आवाज मोठा. आणि मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभी, लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवत. त्यात तो पेला आणि चमचा! मी म्हटलं, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे आम्हा दोघींना पाळण्यापासून ठाऊक आहे.

ताईनं वाद घातला नाही. पिशवीतून ती कादंबरी काढून माझ्या हातात दिली. "वाच. मग बोलू."

मी कसली वाचतेय! चष्म्याची माहितीपत्रकं सोडली तर मी छापील अक्षराच्या वाटेला जात नाही. पण सोमवारी उघडली, आणि बाई गं. आधी तर हसून हसून पुरेवाट झाली. त्या जबाबांच्या भागात पोलीस प्रत्येकाला विचारतो, काय पाहिलंत, आणि जो तो सांगतो काय ऐकलं. पोलीस वैतागून म्हणतो, या शहरात कुणाला डोळे आहेत की नाही? ढोलवाला म्हणतो, साहेब, डोळे आमच्या कामाचे नाहीत. मग तो भुताचा भाग आला. वाद्य सांगतं, सात वर्षं मी पेटीत आहे, मला या घरातली प्रत्येक खोकल्याची उबळ पाठ आहे, आणि ती बाई माझ्यावरून फडकं फिरवते तेव्हा पेटी उघडत नाही, पेटीवरूनच फिरवते. तिथे मला कपाटावरची चादर दिसली. शिकवणीच्या वहीत तर एका पानावर नुसत्या रेघा, आणि मध्ये लिहिलेलं, इथे थांबा, श्वास घ्या. मी खरंच श्वास रोखून बसले होते. दूध उतू गेलं, गॅस विझला, आमचे हे धावत आले. माझं तोंड बघून म्हणाले, "कोण गेलं?"

आणि शेवट. ती बाई आजारी बापाच्या उशाशी बसलीय. बाप झोपलाय. ती उठते, पेटी घेते, जिना उतरते. सतरा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला लेखकानं एक स्वर दिलाय. दार. रस्ता. आणि वाक्य रस्त्याच्या मध्येच संपतं, पूर्णविराम नाही. मी पान उलटलं तर पुठ्ठा. मला त्या पुठ्ठ्याचा इतका राग आला आणि इतका आनंद झाला, की मी तशीच चपला घालून ताईच्या तळघरात गेले, आठवड्याच्या मधल्या वारी, भर दुपारी. तिच्या गळ्यात पडून रडले आणि म्हटलं, "जा तू. आईला मी नेते."

मी म्हटलं हं हे. माझ्या तोंडानं. ते खोटं नव्हतं.

ताईनं मैत्रिणीला होकार कळवला. नव्या तारा आणल्या. त्या रविवारी मी जिन्यात होते तर वरून व्हायोलिन ऐकू आलं. हात बसलेला नव्हता, सूर कुरकुरत होते, पण चालू होतं. आणि त्याच्यात टण टण टण. चमचाही चालू, व्हायोलिनही चालू! ताई थांबली नाही. सबंध चीज संपवली आणि मग विचारलं, "काय गं आई?" आई म्हणाली, "काही नाही, ताल देत होते." आम्ही तिघी एवढ्या हसलो की काकू विचारायला आल्या. तसं हसू त्या घरात त्याआधी कधी ऐकल्याचं मला आठवत नाही.

पण पुस्तकाचा अंमल किती दिवस टिकणार? घरी आमचे हे म्हणाले, "तुझी आई, तू ठरव," आणि टीव्ही मोठा केला. मी हॉलमध्ये पलंग कुठे बसतो ते मापून बघितलं. दरवाजा पुरता उघडत नव्हता. मापायची टेप हातात घेऊन मी तिथेच जमिनीवर बसले. मला सहाचे ठोके ऐकू यायला लागले. रोजचे सहा. माझे सहा. बुधवारपर्यंत माझी झोप उडाली होती. पण शब्द दिलेला, आता मागे कसं फिरायचं?

आणि गुरुवारी आमच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांना मी त्या कादंबरीबद्दल सांगत होते. त्या दिवसांत मी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ती सांगायचे, गिऱ्हाईकं कंटाळायची. डॉक्टर पुस्तकी माणूस. म्हणाले, "हो, सुंदर आहे. विशेषतः शेवटी ती परत येते ते."

"परत कुठे येते? ती जाते."

"जाते ती तिसऱ्या भागात. शेवटी परत येते ना, बापाच्या उशाशी बसून हळू वाजवते, एकट्या त्याच्यासाठी. माझ्याकडे आहे, उद्या आणतो."

त्यांनी आणली. चांगली धडधाकट प्रत, अनुक्रमणिकेसकट. जाण्याचा भाग तिसरा, परतण्याचा आठवा. ताईनं परतण्याचा भाग चौथ्या जागी शिवला होता, तिथे तो जुनी आठवण वाटायचा, आणि जाणं नेलं होतं शेवटी.

मला काय वाटलं ते सांगते, कारण सांगायचंच तर सगळं सांगायचं. मला वाटलं, सुटले.

संध्याकाळी दुकानातून लवकर सुटून मी तळघर गाठलं. डॉक्टरांची प्रत तिच्या टेबलावर ठेवली, अनुक्रमणिका उघडून बोट ठेवलं. म्हटलं, "ताई, अगं तू चुकीचं शिवलंस. ती जातच नाही. म्हणजे जाते, पण परत येते. आईबापांपाशीच येते शेवटी." हसतही होते मी थोडी. कुणाचा चष्मा उलटा बसला तर हसावं तशी.

ताईनं पुस्तकाकडे फार बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मला वाटलं, सव्वीस वर्षांत फर्मा चुकला नव्हता, बिचारीला लागलं असणार. मग तिनं कात्री घेतली आणि आपल्या कादंबरीचा दोरा कापला. फर्मे सुटे केले, माझ्यादेखत बरोबर लावले, सुई ओवली आणि शिवायला बसली. झाल्यावर म्हणाली, "झालं बरोबर." घड्याळाकडे बघितलं. "निघ तू आता. मलाही सहाला पोचायचंय."

मैत्रिणीला तिनं नकार कळवला. मला कुणी काही विचारलं नाही, मीही कुणाला काही सांगितलं नाही. आईला मी न्यायचं होतं या गोष्टीचा त्या घरात परत उच्चार झाला नाही. व्हायोलिन कपाटावर गेलं. मी रविवारी चार ते सहा जात राहिले. फळं जरा महाग आणायला लागले.

आई त्यानंतर पाच वर्षं होती. पाच वर्षं चमचा, पाच वर्षं सहाचे ठोके. गेली तीही सहाच्या सुमारास, ताईचा हात हातात घेऊन, शांतपणे. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

गेल्या महिन्यात आईचा पलंग द्यायचा होता म्हणून आम्ही दोघी आवराआवर करत होतो. ताईच्या बोटांत आता संधिवात शिरलाय, नोकरीही तिनं मुदतीआधीच सोडली. मी व्हायोलिन खाली काढलं, तर तिनं नुसती पेटीवरून बोटं फिरवली. पेटी उघडली नाही. पेटीखाली ती कादंबरी होती. वाचनालयानं रद्द केलेली, ताईनं घरी आणलेली. मी चाळायला लागले. पहिल्या पानावर पाण्याचा मोठा डाग होता, तळहाताएवढा. पुढे तो लहान होत होत गेलेला, शेवटी नुसता पिवळा ठिपका.

"हा कधी पडला?" मी सहज विचारलं.

"पहिल्यापासून आहे. माझ्याकडे आली तेव्हाच होता." ताई पडदे काढत होती. "तेव्हा मी शिवली ना, तर मोठा डाग, छोटा डाग, मग परत मोठा. उड्या मारत होता. डाग असा उड्या मारत नाही."

मला कळायला वेळ लागला.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"शिवली त्याच आठवड्यात कळलं. परतण्याचा भाग कुठला तेही कळलं."

"मग उसवली का नाहीस?"

"मला तशीच आवडली होती," ती म्हणाली. "लेखकानं काय छापायचं ते छापू दे. तुलाही मुद्दामच तशी दिली."

माझ्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरायला हवं होतं! म्हणजे माझ्या दाखवण्यानं काही झालंच नव्हतं. मी तसं म्हणालेसुद्धा. "मग मी डॉक्टरांची प्रत आणली म्हणून काही तू राहिली नाहीस ना?"

ताईनं पडद्याच्या कड्या डब्यात टाकल्या. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "प्रतीचं काय घेऊन बसलीस. तू ती घेऊन आलीस ना, तेव्हा मी तुझे पाय बघितले खिडकीतून. धावत येत होतीस. आत आलीस, तर तुझ्या तोंडावर इतका आनंद होता. चार दिवसांत आई तुला एवढी जड झाली होती, आणि अजून तर ती तुझ्याकडे आलीही नव्हती. तिला मी कुणाच्या जिवावर सोडून जाणार होते गं?"

मी पलंगाच्या उघड्या फळीवर बसले. "मग तेव्हा बोलली का नाहीस मला? शिव्या घालायच्या होत्यास. भांडायचं होतंस."

"तू रडली असतीस," ताई म्हणाली, "आणि मला तुलाही सांभाळत बसावं लागलं असतं."

डोळे भरून आले होते माझे. ते मी तसेच ठेवले, उठले, आणि पडद्यांची दुसरी बाजू धरून तिच्याबरोबर घडी घालायला लागले. तिच्यासमोर मी रडले नाही. एवढ्या वर्षांत तेवढं एक मी तिच्यासाठी केलं.